नवा चेनसॉ: पहिल्या टाकीपासून रोजच्या देखभालीपर्यंत

चेनसॉचं इंजिन हातात मावेल एवढं असतं आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. त्याला थंड ठेवायला पाणी नाही, वंगणासाठी गाडीसारखा ऑइलचा वेगळा साठा नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं चमचाभर ऑइल आणि फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा, एवढ्यावर त्याचं सगळं चालतं. त्यामुळे मशीन अकाली गेलं आणि उघडून पाहिलं, की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: कुठे तरी उष्णता वाढली आणि ती वेळेवर बाहेर पडली नाही. रनिंग-इन (नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवणं), मिश्रण, चेनची धार, फिल्टर ही कामं वेगवेगळी वाटतात, पण सगळ्यांचा रोख या उष्णतेवरच आहे. हे डोक्यात ठेवलं की कुठलं काम आज करायचं आणि कुठलं आठवड्याने चालेल, हे आपोआप कळतं.

आधी मिश्रण

मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाण शेवटचं. साधारणपणे चांगल्या प्रतीच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीच्या टू-स्ट्रोक ऑइलला ५०:१ हे प्रमाण असतं, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलि आणि ५ लिटरला १०० मिलि. साध्या टू-स्ट्रोक ऑइलला बरेच उत्पादक २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलि सांगतात. मोटारीचं इंजिन ऑइल चालत नाही. बोटीच्या इंजिनाचं टू-स्ट्रोक ऑइलही नको. ते पाण्याने थंड होणाऱ्या, कमी तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं.

"नवं मशीन आहे, पहिल्या टाकीला ऑइल जरा जास्तच घाला" हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देणारच. ऐकू नका. कार्बोरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की तेवढंच पेट्रोल कमी होतं. हवा तितकीच, जळणारं पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण 'लीन' होऊन इंजिन उलट जास्त तापतं. वर सायलेन्सरमध्ये आणि पिस्टनच्या माथ्यावर काजळी धरते ती वेगळीच.

मिश्रण मोजूनच करा, अंदाजाने नाही. स्वच्छ कॅनमध्ये आधी ऑइल आणि निम्मं पेट्रोल घालून हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. टाकी भरण्याआधी दर वेळी कॅन हलवायचा. महिन्याभरात संपेल एवढंच बनवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतली आर्द्रता ओढतं, पाणी धरलेलं मिश्रण तळाशी वेगळं होतं आणि त्या थरात ऑइल नसतं. जुनं मिश्रण फेकवत नाही म्हणून नव्यात मिसळणारे लोक आहेत. त्या मशीनचे पिस्टनही पाहण्यासारखे असतात!

टाकी भरताना आणखी एक सवय लावून घ्या. पेट्रोल भरलं की लगेच बारचं, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीचं, ऑइलही भरायचं. पंप असा जुळवलेला असतो की पेट्रोल संपेपर्यंत चेनचं ऑइल थोडं तरी शिल्लक राहावं. दोन्ही एकत्र भरलीत तर बार कधी कोरडा पडणार नाही. आणि पेट्रोलची टाकी संपली तरी ऑइलची पातळी जिथल्या तिथे दिसली, तर ऑइल बाहेर येत नाहीये, हे लगेच समजेल.

चेन चढवणं आणि ताण

नवी चेन वापरण्याआधी रात्रभर बार ऑइलमध्ये बुडवून ठेवा. रिव्हेटच्या आत ऑइल शिरायला तेवढा वेळ लागतो, आणि चेन झिजते ती तिथेच. बसवताना वरच्या बाजूच्या दातांची धार बारच्या टोकाकडे तोंड करून आहे ना, हे बघा. उलटी चेन चढवलेली मशीन "कापतच नाही" म्हणून दुरुस्तीला येतात, हा विनोद नाही.

ताण देताना बारचं टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा. टोक खाली लोंबत असताना नट आवळले, तर पहिल्याच कापात चेन ढिली वाटते. ताण बरोबर आहे का, हे असं ओळखायचं: चेन बारच्या खालच्या कडेला टेकलेली असावी, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. चेनचा ब्रेक (पुढच्या हँडलसमोरची पट्टी; पुढे ढकलली की चेन अडते) अर्थातच सोडलेला, इंजिन बंद.

नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात जाणवण्याइतकी लांबते. चार-पाच काप झाले की थांबून ताण बघा, मग पुन्हा. गरम चेन लांबलेली असते. ती तशी आवळली तर काम संपताना थोडी ढिली करून ठेवा. गार झाल्यावर ती आखडते आणि तो सगळा ओढा क्रँकशाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. संध्याकाळी घट्ट सोडलेली चेन सकाळपर्यंत निमूटपणे बेअरिंग खात असते.

सुरू करणं

मशीन जमिनीवर, चेन कशालाही न टेकलेली, ब्रेक पुढे ढकललेला, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक, पुढच्या हँडलवर डावा हात. दोरी आधी हलकेच ओढून अडेपर्यंत आणायची आणि मग झटका द्यायचा. हवेत धरून, मशीन खाली ढकलत दोरी ओढण्याची पद्धत सर्रास दिसते. फिरती चेन मांडीपाशी आणणारी ती पद्धत सोडून द्या.

थंड इंजिनाला पूर्ण चोक. एकदा 'फुट्' असा आवाज आला की चोक अर्धा करायचा. तो आवाज बारीक असतो. तो न ऐकता पूर्ण चोकवरच ओढत राहिलं की प्लग भिजतो आणि मग दंड दुखेपर्यंत ओढत बसावं लागतं. भिजलाच, तर प्लग काढून पुसा, दोरी चार-सहा वेळा ओढून सिलिंडर कोरडा करा आणि चोकशिवाय सुरू करा. इंजिन धरलं की थ्रॉटल एकदा दाबून सोडा म्हणजे ते आयडलवर येईल. ब्रेक लावलेला असताना रेस करत राहू नका. क्लच घसरून जळतो.

पहिल्या तीन टाक्या

नव्या सिलिंडरची आतली भिंत आणि पिस्टनच्या रिंगा अजून एकमेकींना बसलेल्या नसतात. त्या बसेपर्यंत घर्षण जास्त, म्हणजे उष्णताही जास्त. बरेच उत्पादक पहिल्या तीन टाक्या सांभाळायला सांगतात, काही पहिले दहा तास. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते पाळा. पण नेमकं सांभाळायचं काय, यात घोटाळा होतो.

टाळायचं आहे ते मोकळ्या हवेत पूर्ण रेस करणं. लाकडात असताना चेनचा भार फेऱ्यांना आवर घालतो. हवेत तो भार नसतो आणि इंजिन एकदम वर पळतं. म्हणून काप संपत आला की थ्रॉटल सोडा, आणि पुढच्या फांदीकडे जाताना बोट थ्रॉटलवर खेळवत राहू नका.

मात्र मशीन तासभर आयडलवर घुरघुरत ठेवणं हे रनिंग-इन नव्हे. रिंग बसते ती दाबाखाली, आणि दाब येतो तो कापताना. मध्यम जाडीच्या फांद्या, बारच्या निम्म्या-पाऊण लांबीत मावतील असे ओंडके घ्या. पूर्ण बार बुडेल असा जाड बुंधा पहिल्या टाकीत नको. लाकडात शिरताना थ्रॉटल पूर्ण चालेल, मशीन दाबू नका. दोन-तीन काप, मग थोडं आयडल, पुन्हा काप, अशी लय ठेवा. जोराच्या कामानंतर इंजिन एकदम बंद करायचं नाही. अर्धा मिनिट आयडलवर ठेवलं की पंख्याची हवा आतली उष्णता काढून नेते. ही सवय रनिंग-इन संपल्यावरही सोडू नका.

पहिली टाकी संपल्यावर मशीन पूर्ण गार होऊ द्या आणि पाना घेऊन बाहेरचे सगळे स्क्रू-बोल्ट एकदा बघा. सायलेन्सरचे बोल्ट सगळ्यात आधी ढिले होतात. मग हँडलचे स्क्रू आणि बारचे नट.

आवाज ऐकायला शिका. मिश्रणात पेट्रोल पुरेसं असलेलं इंजिन मोकळ्यावर क्षणभर पूर्ण रेस केलं तर किंचित फडफडतं, जणू एखादा ठोका चुकतोय. लाकडात शिरताच तो आवाज साफ, एकसारखा होतो. हे निरोगी लक्षण आहे. मोकळ्यावरच शिट्टीसारखा स्वच्छ, तीक्ष्ण आवाज यायला लागला तर मिश्रण लीन आहे. थांबा, फिल्टर, टाकी आणि कार्बोरेटर बघा. "आता जोरात पळतंय" म्हणून खूश व्हायची ती वेळ नाही. नव्या मशीनची पूर्ण ताकद पाच ते पंधरा टाक्यांनंतर येते, म्हणून पहिल्या दिवशी कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त फेऱ्यांवरचं मिश्रण ठरवणारा) पिळून जास्त फेरे काढायचा मोह टाळा. ज्या मशीनमध्ये कार्बोरेटर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्वतः जुळतो, तिथे हा प्रश्नच नाही.

धार: अर्ध्याहून अधिक देखभाल इथेच

माझं स्पष्ट मत आहे की "इंजिन ओढत नाही" या तक्रारीत इंजिनाचा दोष क्वचितच असतो. चेन बोथट झालेली असते. बोथट चेनला माणूस दाबतो, दाबलं की बार तापतो, क्लच घसरतो, इंजिन कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने रखडतं, आणि पंखाही त्याच फेऱ्यांवर फिरत असल्यामुळे हवा कमी मिळते.

धार गेली की नाही, हे कापाखालच्या ढिगात दिसतं. आडव्या कापात धारदार चेन जाडसर ढलप्या काढते, बोटांत घेतल्या तर चौकोनी कणी लागते. बोथट चेन पीठ काढते. मशीन आपल्या वजनाने लाकडात उतरत नसेल, दाबावं लागत असेल, तर टाकी संपायची वाट न पाहता कानस काढा.

आजच्या चेनचा दात अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने घडवला. त्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याने डावीकडे-उजवीकडे आलटून-पालटून लाकूड खात पुढे सरकते. १९४७ मध्ये त्याने त्या धर्तीची चेन बाजारात आणली. तुमच्या चेनवरही एक दात डावा, एक उजवा असतो, आणि म्हणूनच दोन्ही बाजू सारख्या राहणं एवढं महत्त्वाचं. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वाकडा जातो.

कानसची जाडी चेनच्या पिचवर ठरते. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं करा, तो पिच. ३/८ इंच लो-प्रोफाइल चेनला ४.० मिमी, .३२५ इंचाला ४.८ मिमी, पूर्ण ३/८ इंचाला ५.२ किंवा ५.५ मिमी, .४०४ इंचाला ५.५ मिमी गोल कानस, असा सर्वसाधारण हिशोब. शंका असेल तर चेनच्या खोक्यावर बघा.

१. बार शिकंज्यात किंवा ओंडक्यात पाडलेल्या खाचेत घट्ट धरा. ब्रेक लावा. चेनवरचं ऑइल-भुसा पुसा; कानस तेलकट झाली की घसरते.

२. सगळ्यात लहान, जास्त मार खाल्लेला दात शोधा आणि त्यावर मार्करने खूण करा. सुरुवात तिथूनच. बाकीचे दात त्याच्या लांबीला आणायचे आहेत.

३. कानस दाताच्या आतून बाहेर, वरच्या कडेच्या खुणेशी समांतर चालवा. बहुतेक चेनना हा कोन ३० अंशांचा असतो. कानसचा सुमारे पाचवा भाग दाताच्या माथ्यावर दिसायला हवा. फार खाली गेली तर धार पातळ होऊन लवकर मोडते, फार वर राहिली तर दात लाकूड धरतच नाही.

४. दाब फक्त पुढे ढकलताना. परत आणताना कानस उचला. दर थोड्या वेळाने ती किंचित फिरवा, म्हणजे एकाच बाजूने झिजणार नाही.

५. दर दाताला सारखेच हात मारा. साधारण दोन ते चार पुरतात, पण दगडाला लागलेल्या दाताला जास्त लागतील. धारेवर प्रकाशात चमकणारी बारीक पांढरी रेघ दिसत असेल तर ती अजून बोथट आहे. रेघ नाहीशी होईपर्यंत चालवा.

६. एक बाजू झाली की मशीन फिरवून दुसरी.

आता दातापुढचा उंचवटा, डेप्थ गेज. तो ठरवतो की दाताने एका वेळी किती लाकूड घ्यायचं. दात घासून खाली येतो तसा हा उंचवटा तुलनेने वर राहतो आणि धार असूनही चेन चावत नाही. तीन-चार वेळा धार लावली की मापाची पट्टी ठेवून तपासा, तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. वर आला असेल तेवढाच चपट्या कानसीने घासा आणि पुढचा कोपरा पुन्हा गोलसर करा. "जास्त खाली केलं की जास्त कापेल" हा हिशोब धोकादायक आहे. चेन लाकूड ओरबाडायला लागते, मशीन थरथरतं आणि किकबॅक, म्हणजे बार अचानक तुमच्याकडे उसळणं, वाढतो.

दातावरची झिजेची खूण आली, की चेन बदला.

बार, स्प्रॉकेट आणि ऑइल

चेनला धार लावाल त्या वेळी बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. त्याच वेळी खाचेतला भुसा आणि चिकटलेलं ऑइल पातळ पत्र्याने खरवडून काढा, ऑइलचं भोक मोकळं करा. कडांना धारदार पापुद्रे आले असतील तर चपट्या कानसीने काढा. पट्टी बारच्या अंगाला आणि दाताच्या बाजूला एकदम लावून पाहा: पट्टी आणि बार यांत थोडी फट राहिली तर ठीक, पट्टी बारला सपाट टेकली तर खाच रुंदावली आहे आणि चेन कलंडते. मग कितीही धार लावा, काप वाकडाच.

ऑइल येतंय का, हे रोज बघा. बारचं टोक ताज्या कापलेल्या फिकट बुंध्यावर थोडं वर धरून रेस करा. ऑइलची रेघ उमटली पाहिजे. जुनं, काढलेलं इंजिन ऑइल बारला घालू नका. त्यात धातूचा चुरा आणि घातक रसायनं असतात, ते पंपाला आणि तुमच्या कातडीला दोघांनाही वाईट, आणि ते सगळं शेवटी मातीत जातं.

स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) चेनने पाडलेल्या खाचा अर्धा मिमीपेक्षा खोल झाल्या की तो बदला. दोन चेन संपल्या की एक स्प्रॉकेट, हा सोपा नियम. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. बदलताना क्लच ड्रममधल्या नीडल बेअरिंगला ग्रीस लावायला विसरू नका.

हवा, प्लग, पंखे

हवेचा फिल्टर काढण्याआधी चोक पूर्ण लावा, म्हणजे त्याची झडप मिटेल, आणि भोवतालची धूळ ब्रशने झाडा, नाहीतर तीच धूळ कार्बोरेटरमध्ये पडते. जाळीचा फिल्टर कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. हवा मारायची असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने. ओल्या चिकाच्या झाडांवर काम असेल तर रोज, एरवी ताकद कमी वाटली की लगेच.

सिलिंडरच्या पात्यांमध्ये आणि स्टार्टरच्या जाळीवर ऑइलने ओला झालेला भुसा घट्ट बसतो. बाहेरून मशीन स्वच्छ दिसतं, आत उष्णता बाहेर पडायला वाट नसते. आठवड्यातून एकदा स्टार्टरचं झाकण काढून लाकडी काडीने तो खरवडा.

प्लगची फट बहुतेक मशीनमध्ये ०.५ मिमी. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं, ओलसर म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरट म्हणजे लीन, आणि मग काम थांबवून कारण शोधायचं. टाकीतला इंधनाचा फिल्टर वर्षातून एकदा बदला. सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगी-जाळी काजळीने बुजली तरी मशीन गुदमरतं. ती तारेच्या ब्रशने साफ होते.

झाडावर चढण्याआधी

इंजिन आयडलवर ठेवून ब्रेक लावा आणि थ्रॉटल जास्तीत जास्त तीन सेकंद पूर्ण दाबा. चेन हलता कामा नये. ब्रेक सोडल्यावर आयडलवरही ती फिरत नसावी. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा, तरीही फिरली तर क्लच बघून घ्या. थ्रॉटलचं लॉक दाबल्याशिवाय ट्रिगर हलत नाही ना, चेन तुटल्यास तिला अडवणारा कॅचर शाबूत आहे ना, हँडलचे रबर माउंट फाटलेले नाहीत ना, हे दोन मिनिटांचं काम आहे. यातलं एकही बिघडलं असेल तर ते मशीन त्या दिवशी वर न्यायचं नाही. वरच्या हँडलचे लहान चेनसॉ तर फक्त झाडावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असतात, आणि तेही दोन्ही हातांनीच धरायचे.

बुंध्याच्या तळाशी सालीत माती आणि वाळू अडकलेली असते. काप घेण्याआधी ती झाडून टाका किंवा साल सोला. वाळूतून एकदा फिरली की चांगली चेनही मिनिटाभरात बोथट होते.

बरेच दिवस ठेवायचं असेल तर

तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ वापर नसेल, तर पेट्रोलची टाकी मोकळ्या हवेत रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल. न केल्यास आतले पडदे चिकटतात, आणि पुढच्या हंगामात मशीन चालू होत नाही. चेन-बार काढून साफ करा, ऑइल फासा. फिल्टर आणि पाती साफ करून मशीन कोरड्या जागी ठेवा. पुन्हा काढाल तेव्हा ताजं मिश्रण भरा, चेनचा ताण आणि ब्रेक तपासा, आणि पहिली पाच मिनिटं बारीक फांद्यांवरच चालवा.